डॉ. कोटणीस आणि मेंदूतले वादळ

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव न ऐकलेला सोलापूरकर सापडणे कठीण. भैय्या चौकाजवळचे त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. ते चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार केले आणि तिथेच वारले, एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ते कशाने गेले असे विचारले, तर मोठी माणसेही अडखळतात. युद्धभूमीवर गेले म्हणजे गोळी लागली असेल, असे कुणाला वाटते. कुणी साथीच्या तापाचे नाव घेतो. डॉक्टर कोटणीस गेले ते अपस्माराने. बोलीभाषेत ज्याला फिट, फेफरे, मिरगी किंवा आकडी म्हणतात, त्या आजाराने. तारीख होती ९ डिसेंबर १९४२ आणि वय अवघे ३२.

आपल्याकडे फिट हा शब्द अजूनही घरात दबक्या आवाजात उच्चारला जातो. लग्नाच्या बोलणीत तो लपवला जातो, शाळेत सांगितला जात नाही. म्हणूनच या आजाराच्या बाजूने कोटणीसांचे आयुष्य एकदा पाहायला हवे.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. त्या काळचे सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचे, भोंग्यावर चालणारे गाव. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रस्त्यावर ऐकू येत. १९३० साली या शहरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिले गेले. कोटणीस तेव्हा विशीत होते. स्वतःच्या गावाने एवढे सोसलेले पाहिलेल्या पिढीतला हा तरुण होता.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात गेले. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. १९३६ मध्ये कोटणीस एम.बी.बी.एस. झाले.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाच्या टेबलावर मेंदू पहिल्यांदा दिसतो, तेव्हा त्याच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, करडा-पांढरा गोळा. वरचा मोठा भाग म्हणजे मोठा मेंदू. विचार, भाषा, हालचालींचे हुकूम आणि स्पर्शाची जाणीव यांचे काम इथे चालते. मोठ्या मेंदूचा उजवा अर्धा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर आणि डावा अर्धा भाग उजव्या बाजूवर हुकूमत ठेवतो. मागे खालच्या बाजूला असतो लहान मेंदू. तोल सांभाळणे आणि हालचालींना नेटकेपणा देणे ही त्याची जबाबदारी. सुईत दोरा ओवताना हात थरथरत नाही, तो त्याच्यामुळे. आणि तळाशी मेंदूचा देठ. श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब इथून चालतात. माणूस झोपला तरी हा भाग जागा असतो. देठातून पुढे पाठीच्या कण्यात उतरतो तो मज्जारज्जू. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूतून ३१. डोळ्याच्या पापणीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सारे शरीर या नसांनी मेंदूला जोडलेले असते.

कोटणीस शिकत होते तो काळ मेंदूच्या अभ्यासात मोठ्या घडामोडींचा होता. मेंदू हा एकसंध गोळा नसून सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे स्पेनच्या सँतियागो रामोन काहाल यांनी दाखवून दिले होते. या पेशी आपसांत निरोप कसे पाठवतात, यावरच्या कामाबद्दल इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन आणि एडगर एड्रियन यांना १९३२ चे नोबेल मिळाले. कोटणीस पदवीधर झाले त्याच १९३६ साली हेन्री डेल आणि ओटो लोवी यांना नोबेल मिळाले. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या थेंबातून, हा त्यांचा शोध.

मेंदूचे काम विजेवर आणि रसायनावर कसे चालते, ते इथे समजून घ्यायला हवे. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या आत आणि बाहेर सोडियम, पोटॅशियम अशा क्षारांचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे पेशीच्या आवरणावर सतत थोडासा विद्युतदाब असतो, साधारण ७० मिलिव्होल्ट. निरोप द्यायचा झाला की आवरणातली दारे क्षणभर उघडतात, क्षार आत-बाहेर होतात आणि विजेची लहर पेशीच्या लांब धाग्यातून धावते. सर्वांत वेगवान धाग्यांत हा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. धाग्याच्या टोकाशी पोहोचल्यावर ही लहर रसायनाची कुपी फोडते. ते रसायन मधली बारीक फट ओलांडते आणि पुढच्या पेशीला निरोप मिळतो.

हे निरोप दोन प्रकारचे असतात. काही रसायने पुढच्या पेशीला चेतवतात, तर काही तिला शांत करतात. चेतवणाऱ्यांत मुख्य ग्लुटामेट, शांत करणाऱ्यांत मुख्य गॅबा. गाडीला ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही लागतात, तसेच हे. या दोघांचा समतोल हीच मेंदूच्या कामाची किल्ली आहे. फिट म्हणजे हा समतोल काही काळ बिघडणे.

पाच डॉक्टर, एक बोट

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर देशाला आवाहन केले. पैसे जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीस २८ वर्षांचेही झाले नव्हते. पुढे शिकून मुंबईत किंवा सोलापुरात बस्तान बसवायचे वय ते. त्यांनी चीन निवडले.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. महिनाअखेर ते हँकौला पोहोचले, आणि ऑक्टोबरमध्ये ते शहरच जपानच्या हाती पडले. पथक मागे हटत चुंगकिंगला गेले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये उत्तरेकडे येनानला पोहोचले. तिथे डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये माणसे राहत, रुग्णालयेही गुहांतच होती. पथकातल्या डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. त्या दुःखातही ते परतले नाहीत. पुढे एकेक करून पथकातले सहकारी मायदेशी गेले. शेवटी बसू आणि कोटणीस दोघेच राहिले. दोघे उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, जपानी फळीच्या मागे लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेबरोबर पोहोचले. नंतर बसू येनानला परतले आणि कोटणीस त्या मुलखातच थांबले.

याच मुलखात त्यांच्या आधी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून काम करून गेले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बेथ्यून कॅनडात माँट्रियलला काम करत असत. ते तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात होते, त्याच काळात तिथे वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक रुजू झाले होते. पेनफिल्ड फिटच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. कवटी उघडताना फक्त तेवढा भाग बधिर केला जाई, रुग्ण जागा असे. मेंदूला स्पर्श केल्याने दुखत नाही, कारण मेंदूच्या पेशींत वेदना टिपणाऱ्या नसाच नसतात. पेनफिल्ड मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी सौम्य वीज लावत आणि रुग्णाला काय होते ते पाहत. एका जागी लावली की अंगठा हले, दुसऱ्या जागी जीभ, तिसरीकडे पाय. यातून मेंदूच्या पृष्ठभागावरचा शरीराचा नकाशा तयार झाला. या नकाशात हाताला आणि चेहऱ्याला भरपूर जागा आहे, तर अख्ख्या पाठीला फार थोडी. ज्या अवयवाचे काम जितके नाजूक, तितका मेंदूत त्याचा वाटा मोठा. निरोगी मेंदूचे एवढे ज्ञान मिळाले ते फिटच्या रुग्णांमुळे.

टाके, नसा आणि धडे

युद्धातल्या शल्यचिकित्सकाला नसांचे महत्त्व रोज नव्याने कळते. दंडातून गोळी गेली आणि हाडामागून वळसा घेणारी नस तुटली, की मनगट लटके पडते. हात शाबूत, स्नायू शाबूत, पण हुकूमच पोहोचत नाही. मज्जारज्जूला इजा झाली तर त्याच्या खालचे सारे शरीर लुळे पडू शकते. हातापायातली तुटलेली नस नीट जोडली तर तिचा धागा पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या धाग्यांना तेवढीही मुभा नसते. म्हणून जखमीला कसे उचलावे, रक्त थांबवताना पट्टी किती वेळ आवळून ठेवावी, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

१९४० मधल्या एका दीर्घ लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास, न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे पक्की इमारत नव्हे. जपानी फौजांची धाड आली की रुग्ण, औषधे, हत्यारे सारे उचलून दुसऱ्या खेड्यात हलायचे. याच्या जोडीला ते बेथ्यून वैद्यकीय शाळेत शिकवत होते. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की वर्गात ते चिनीतूनच बोलत. विद्यार्थ्यांच्या हातात पुस्तके नव्हती, म्हणून शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही ते स्वतः लिहायला बसले.

गुओ छिंगलान ही तिथली परिचारिका, शाळेत परिचर्या शिकवणारी. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली आणि १९४१ च्या अखेरीस लग्न. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

वादळ कसे उठते

या दरम्यान कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. स्वतः डॉक्टर असल्याने हे काय आहे ते त्यांना समजत होते. काम मात्र थांबले नाही. रुग्णालयाचे प्रमुखपद, वर्ग आणि पुस्तकाचे लेखन चालूच राहिले.

फिट येते तेव्हा मेंदूत नेमके काय होते? एरवी अब्जावधी पेशी आपापल्या वेळी, आपापल्या कामापुरत्या चेततात. बाजारात शेकडो लोक एकाच वेळी बोलतात, तरी प्रत्येकाचा व्यवहार वेगळा चालतो, तसे. फिटमध्ये पेशींचा एक मोठा समूह एकदम, एकाच ठेक्यात चेतू लागतो. गॅबाचा ब्रेक अपुरा पडतो आणि लहर शेजारच्या पेशींत पसरते. ती मेंदूच्या एका कोपऱ्यात थांबली, तर त्या कोपऱ्याचे जे काम, तेवढेच बिघडते. नुसता अंगठा किंवा ओठाचा कोपरा उडू लागतो, विचित्र वास येतो, नाहीतर काही क्षण माणूस शून्यात पाहत राहतो. लहान मुलांमध्ये दहा-पंधरा सेकंद हरवल्यासारखे पाहणे ही देखील फिट असू शकते. वर्गात लक्ष नाही म्हणून अशी मुले ओरडा खातात.

लहर दोन्ही अर्ध्या मेंदूंत पसरली की शुद्ध हरपते. आधी सारे अंग ताठ होते, छातीतली हवा जोरात बाहेर पडते म्हणून कधी किंकाळी ऐकू येते, मग हातपाय लयीत झटकू लागतात. तोंडाला फेस येतो, जीभ चावली जाते, लघवी होते. बहुतेक वेळा हे सारे दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, कारण मेंदू स्वतःच ब्रेक लावतो. त्यानंतर माणूस थकून झोपी जातो.

ताप, डोक्याला मार, मेंदूतली गाठ, पक्षाघात, रक्तातली साखर घसरणे, जन्माच्या वेळी कमी पडलेला प्राणवायू, काही जनुकीय दोष अशी फिटची अनेक कारणे आहेत. आपल्या देशात आणखी एक महत्त्वाचे कारण म्हणजे डुकराच्या मांसातून पसरणारा पट्टकृमी. या जंताची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या पालेभाज्यांतून पोटात गेली, की अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचून गाठी करतात. त्यामुळे पूर्ण शाकाहारी माणसालाही हा त्रास होऊ शकतो. भाजी स्वच्छ धुणे, उघड्यावर शौचाला न जाणे आणि हात धुणे हा त्यावरचा साधा बचाव. ज्याला फिटची प्रवृत्ती आहे त्याच्यासाठी जागरण, उपासमार, दारू आणि गोळ्या चुकवणे ही झटक्याला आमंत्रणे ठरतात. पुरेशी झोप हा या आजारात औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. आघाडीवरच्या शल्यचिकित्सकाला तीच मिळत नसे.

८ डिसेंबरची रात्र

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री हपै प्रांतातल्या एका खेड्यात कोटणीसांना झटका आला. एक थांबतो तोच दुसरा. नेहमीची फिट आपणहून थांबते, पण कधी मेंदूचा ब्रेकच निकामी होतो. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा पूर्ण शुद्धीवर येण्याआधी पुढचा झटका आला, तर ती जिवावरची आणीबाणी असते. स्नायू अखंड राबत असल्याने शरीरातला प्राणवायू झपाट्याने संपतो, रक्त आम्लधर्मी होते, ताप चढतो. मेंदू वजनाने शरीराच्या फक्त दोन टक्के असला तरी एरवीही शरीराच्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा त्यालाच लागतो. वादळात त्याची भूक आणखी वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा तुटतो. शेवटी देठातली श्वास आणि हृदयाची केंद्रे थकतात. ९ डिसेंबरच्या पहाटे कोटणीसांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग पूर्ण झाला होता, दुसरा अर्धवट राहिला.

आज अशा रुग्णाला काय मिळते याची तुलना केली तर काळजाला चटका बसतो. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी मेंदूतल्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, १९२९ मध्ये जगासमोर मांडला होता. फिटवरचे फिनोबार्बिटोन १९१२ पासून माहीत होते. गुंगी न आणता झटके रोखणारे फेनिटोइन बोस्टनच्या मेरिट आणि पुटनम यांनी प्रसिद्ध केले ते १९३८ साली. म्हणजे ज्या वर्षी कोटणीस बोटीत चढले, त्याच वर्षी. पण ते राहिले तो मुलूख जपानी सैन्याने वेढलेला, साध्या औषधांचीही टंचाई असलेला. लांबलेला झटका शिरेतून तोडणारे डायझेपाम १९६० च्या दशकात आले. जिवंत माणसाच्या मेंदूचे काप दाखवणारा सीटी स्कॅन १९७१ मध्ये. शास्त्र पुढे जात होते, पण ते त्या डोंगरापर्यंत पोहोचले नव्हते.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पाचांपैकी परत न आलेले कोटणीस एकटेच. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या आयुष्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नाव घरोघरी पोहोचले. चीनमध्ये हपै प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरी हुतात्म्यांच्या दफनभूमीत बेथ्यून यांच्याजवळ त्यांची समाधी आहे. मुलगा यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये ऐन पंचविशीत गेला. गुओ छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या.

कलंक कायद्यातून गेला, घरातून?

अपस्मार हा शब्द संस्कृत. स्मृती हरपणे असा त्याचा अर्थ, आणि चरकसंहितेत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. हा दैवी कोप नसून मेंदूचा आजार आहे, असे ग्रीक वैद्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. तरीही भूतबाधा, करणी, संसर्ग हे समज टिकून राहिले. कायदाही मागे नव्हता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडेपणाच्या जोडीला अपस्माराचेही नाव आले आणि फिट येणाऱ्या माणसाचे लग्न कायद्याच्या कचाट्यात सापडू लागले. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांनी पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये संसदेने तो उल्लेख वगळला.

कोटणीसांचे आयुष्य या समजांना सरळ उत्तर देते. हा माणूस शस्त्रक्रिया करत होता, परक्या भाषेत शिकवत होता, रुग्णालय चालवत होता, पुस्तक लिहीत होता. त्याने संसार मांडला होता. फिटने त्याची बुद्धी, त्याचे धैर्य किंवा त्याचे प्रेम यातले काहीच हिरावले नव्हते. दोन झटक्यांच्या मधला माणूस पूर्ण माणूस असतो.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि नियमित औषधे मिळाली, तर त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांचे झटके पूर्ण थांबू शकतात. गोळ्या स्वस्त आहेत आणि सरकारी रुग्णालयांत मिळतात. औषध दोन-तीन वर्षे किंवा अधिक काळ घ्यावे लागते. झटके थांबले म्हणून ते मनाने बंद करणे सर्वांत धोक्याचे, कारण अचानक थांबवलेल्या औषधानेच लांबलेला झटका ओढवतो. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावे. गोळ्यांनी न थांबणाऱ्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा फायदा होतो.

आणि समोर कुणाला फिट आलीच तर? चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, त्याने काही होत नाही. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. दातखीळ उघडण्याच्या नादात दात तुटतात आणि श्वास अडतो. हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला सारावी, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. झटका ओसरू लागला की त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही, लागोपाठ दुसरा झटका आला, आयुष्यातला पहिलाच झटका असेल, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर लगेच १०८ ला फोन करावा. शुद्धीवर येईपर्यंत सोबत थांबावे, आणि तो उठल्यावर भोवती बघ्यांची गर्दी नसेल एवढे पाहावे.

कोटणीसांच्या वेळी त्या खेड्यात जे नव्हते ते आज सोलापुरात आहे. मेंदूचे डॉक्टर आहेत, स्कॅन आहेत, औषधे आहेत. फक्त घरातल्यांनी आजार लपवायचे सोडून रुग्णाला वेळेत डॉक्टरकडे नेले पाहिजे.